दिवसाची लाईट, तीन रुपयांची वीज आणि गावाचं गायरान

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या सबस्टेशनसाठी चार मेगावॉटचा सौर प्रकल्प मंजूर झालाय. त्यासाठी गायरानातली सतरा-अठरा एकर जागा मागितली आहे. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे आणि तुम्ही उपसरपंच आहात. गावात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, सरकार बदललं की योजना गुंडाळतील आणि जागा अडकून पडेल. दुसरा म्हणतो, पॅनेलचे भाव दरवर्षी पडतायत, मग एवढी घाई कशाला? शिवाय वडिलांच्या विहिरीवर सौरपंप घ्यावा का आणि घराच्या स्लॅबवर पॅनेल बसवावेत का, हेही तुम्ही विचारलंय.

मी सव्वीस वर्षं वीज वितरणात काढली, त्यातली निम्मी ३३/११ केव्हीच्या, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणाऱ्या, ग्रामीण सबस्टेशनांवर. निवृत्तीनंतरची सहा वर्षं ग्रामपंचायतींना आणि छोट्या प्रकल्पवाल्यांना जागा, जोडणी आणि करार यांच्या कामात मदत करतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रकल्पाला हो म्हणा. जागा मात्र कोणती आणि कोणत्या अटींवर द्यायची, ते ग्रामसभेत बसून ठरवा, कंपनीने आणलेल्या नकाशावर नुसती सही करू नका. हे मत कशावरून, ते समजायला आधी घड्याळाकडे बघावं लागेल. विजेच्या युनिटला आता एक भाव राहिलेला नाही, वेळेप्रमाणे भाव आहे. गेल्या काही वर्षांतली सगळी धोरणं, सवलती, निविदा याच एका गोष्टीभोवती फिरतायत.

जानेवारीतली एक रात्र सांगतो. गहू फुलोऱ्यात, कांदा लागलेला. शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून शेतांकडे जाणाऱ्या लाईनला, त्या आठवड्यात रात्रीची पाळी. दहा वाजता ऑपरेटरने ब्रेकर घेतला, म्हणजे लाईन चालू केली, आणि अँमीटरचा काटा एका झटक्यात दीडशे अँपिअरच्या पुढे गेला. प्रत्येक विहिरीवर ऑटोस्विच लावलेला, त्यामुळे लाईट आली की तीन-चारशे मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. पहिल्यांदा फीडर ट्रिप झाला, दुसऱ्यांदा टिकला. दहा मिनिटांत फोन आला, ओढ्याकडच्या डीपीवरचा (रोहित्रावरचा) फ्यूज गेलाय. वायरमन मोटारसायकलवर निघाला. तिथे पोचलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ कांबळं पांघरून, हातात बॅटरी घेऊन बांधावर उभे होते. पोरगा शहरात कामाला, म्हणून रात्रीचं पाण्याचं दारं धरायला स्वतः आलेले. पायात चप्पल, वाफ्यात पाणी, अंधारात विंचू-काटा काही दिसत नाही. जुन्नर-आंबेगावकडच्या लोकांना तर बिबट्याचीही धास्ती. ही रात्र मी वर्षानुवर्षं पाहिलीय, म्हणून दिवसाच्या लाईटचा विषय माझ्यासाठी कागदावरचा नाही.

शेतकऱ्याच्या वाट्याला रात्रीची लाईट का आली, हे गावात कोणी समजावून सांगत नाही. कोळशाचा संच म्हणजे घरातली शेगडी नव्हे, बंद केली आणि पुन्हा पेटवली. एकदा थंड झाला की पुन्हा पूर्ण ताकदीवर यायला कित्येक तास जातात, वर तेल जाळावं लागतं. त्यामुळे रात्री मागणी उतरली तरी तो निम्म्याच्या वर चालताच ठेवतात. शहर झोपलं, कारखान्यातल्या पाळ्या कमी झाल्या, मग ही वीज कुणाला द्यायची? शेतीला. दिवसा टंचाई आणि रात्री उरलेली वीज, असा तो हिशेब होता आणि शेतकरी त्या हिशेबातला खड्डा बुजवत होता.

सूर्याने हा हिशेब उलटा केला. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैशांची होती. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातल्या भडला इथे तीच २ रुपये ४४ पैशांवर आली आणि २०२० च्या डिसेंबरात गुजरातेत १ रुपया ९९ पैशांवर. नंतर केंद्राने आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लावलं (१ एप्रिल २०२२ पासून) आणि मंजूर उत्पादकांच्या यादीची सक्ती आणली. त्यामुळे बोल्या पुन्हा अडीच रुपयांच्या आसपास स्थिरावल्या. तरीही नव्या कोळशाच्या विजेपेक्षा ती स्वस्तच. परिणाम असा झाला की आता उरलेली वीज दुपारची आहे. वीज बाजारात उन्हाळ्याच्या दुपारी युनिटचा भाव दोन रुपयांच्या खाली घसरतो आणि त्याच दिवशी सूर्य मावळल्यावर १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो.

आता बघा, दुपारी भरपूर वीज हवी असलेला आणि संध्याकाळी पंप बंद केला तरी चालणारा ग्राहक कोण? शेतकरीच. महाराष्ट्रातल्या विजेचा मोठा वाटा शेतीपंपांवर जातो, त्यामुळे हा जोड जमला तर सगळ्यांचंच भागतं. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने ही फीडरपातळीवरच्या सौर विजेची मांडणी बरीच आधी केली होती. राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीला पहिले प्रयोग झाले. पहिल्या टप्प्याची गाडी रखडतच चालली. मे २०२३ मध्ये योजनेचा दुसरा अवतार आला आणि त्यातला पहिला, ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. हे शक्य झालं ते गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर आधीच वेगळे केलेले होते म्हणून. त्या कामाला कोणी नारळ फोडला नाही, पण त्याशिवाय आजची योजना उभीच राहिली नसती. गुजरातने ते ज्योतिग्राम योजनेत २००३ पासून केलं, आपण नंतर.

पहिल्या तटाच्या भीतीला उत्तर इथेच आहे. सरकार बदललं तर काय?

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ मोफत वीज आहे. सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात आणि वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार राज्याच्या तिजोरीवर धरलेला आहे. शेतकऱ्याचं बिल सरकार भरणार असेल, तर ती वीज तीन रुपयांना मिळते की सात-आठ रुपयांना, याने सर्वांत मोठा फरक पडतो तो सरकारला. कोणताही पक्ष सत्तेवर आला तरी शेतीची वीज महाग करून घेणं त्याला परवडणारं नाही. दुसरं कारण कारखान्यांचं. आजवर कारखाना आणि दुकानदार जास्त दर भरायचे आणि त्यातून शेतीची सवलत भागायची. जून २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी १०० किलोवॉटच्या छोट्या कारखान्यालाही बाहेरून हरित वीज घेण्याची वाट मोकळी केली. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियमसारख्या मालावर कार्बनचा आकार लावला, त्यामुळे निर्यातदार कारखान्यांना ही वाट धरावीच लागतेय. मोठे ग्राहक असे एकेक करून निघाले की शेतीचा बोजा उचलायला खांदे कमी पडतात. मग शेतीची वीजच स्वस्त करणं हा एकच रस्ता उरतो. म्हणून मला या योजनेच्या पायाबद्दल शंका नाही. प्रकल्पवाल्याशी वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा असतो आणि दराला वीज नियामक आयोगाची मान्यता लागते. मंत्र्याच्या भाषणाने तो मोडत नाही.

धोका वेगळ्या जागी आहे. करार करून काम न करणारा कंत्राटदार, वर्षभर कुंपण घालून ठेवलेली रिकामी जमीन, आणि प्रकल्प उभा राहिल्यावर त्याची निगा न राखणारा मालक. बिलं थकण्याची भीती पूर्वी फार मोठी होती. देशभरातल्या वितरण कंपन्यांची वीज उत्पादकांकडे थकलेली रक्कम २०२२ च्या मध्याला १ लाख ३८ हजार कोटींच्या घरात गेली होती. जून २०२२ मध्ये केंद्राने विलंब अधिभाराचे कडक नियम आणले. पैसे थकवणाऱ्या कंपनीला बाजारातून वीज घेणंच बंद होईल, अशी तरतूद झाली आणि त्या थकबाक्या हप्त्याहप्त्याने उतरल्या. माझ्या नजरेत सौर क्षेत्राला सर्वांत जास्त बळ कोणत्याही अनुदानापेक्षा या एका नियमाने दिलं, कारण पैसे वेळेवर मिळणार म्हटल्यावर बँक कमी व्याजाने कर्ज देते. सौर प्रकल्पाचा जवळपास सगळा खर्च पहिल्या दिवशीचा, त्यामुळे व्याज अर्धा टक्का उतरलं तरी युनिटचा दर हलतो.

दुसऱ्या तटाचं म्हणणं, थांबलो तर आणखी स्वस्त होईल. पॅनेलचे भाव पडलेत हे खरं. चीनमध्ये कारखाने गरजेपेक्षा जास्त उभे राहिले आणि दोन-तीन वर्षांत जागतिक भाव निम्म्याच्या खाली आले. पण तो सगळा फायदा आपल्याकडे येत नाही. मंजूर यादीची सक्ती १ एप्रिल २०२४ पासून पुन्हा लागू झाली आणि पॅनेलच्या आतल्या सेललाही ती १ जून २०२६ पासून लागू करायचं ठरलंय. देशात कारखाने उभे राहावेत म्हणून हे केलंय आणि मला ते पटतं. पंचवीस वर्षं टिकवायची वस्तू पूर्णपणे एका देशाच्या मेहेरबानीवर ठेवू नये. त्याची किंमत मात्र भावात दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो दिलासा मिळाला. उरलेला खर्च लोखंडी सांगाडा, इन्व्हर्टर, केबल, ट्रान्सफॉर्मर, मजुरी यांचा. ते काही पडत नाही. आणि तुमच्या प्रकल्पाचा दर ठरून गेलाय. गाव दोन वर्षं थांबलं तर स्वस्त वीज मिळणार नाही, फक्त आणखी दोन हिवाळे रात्रीचं दारं धरावं लागेल.

राजस्थानातून अडीच रुपयांची वीज का आणत नाहीत, असंही कोणी विचारेल. आणतात, पण वाटेत पारेषणाचा आकार आणि गळती लागते. ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांना आंतरराज्य वाहिनीचा आकार पूर्ण माफ होता. त्यानंतर येणाऱ्यांना ही माफी दरवर्षी २५ टक्क्यांनी कमी होत जाते. त्या तारखेआधी प्रकल्प उरकायची एवढी धांदल उडाली की काही ठिकाणी प्रकल्प तयार आणि तारा अपुऱ्या, अशी गत झाली. राजस्थानात २०२५ मध्ये चालू प्रकल्पांना भर दुपारी उत्पादन कमी करायला सांगावं लागलं. सबस्टेशनच्या शेजारी तयार झालेल्या तीन रुपयांच्या युनिटला हा प्रवास नाही. सरकारचे आकडे मेगावॉटमध्ये येतात. २०२५ च्या मध्याला देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला, पॅरिस हवामान करारात २०३० साठी दिलेल्या शब्दाच्या पाच वर्षं आधी. मोठीच गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष युनिट मोजले तर कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. हे अंतर तारांनी आणि साठवणीने भरून काढायचं आहे, नुसत्या पॅनेलांनी ते भरणार नाही.

आता तुमच्या गावात प्रत्यक्ष काय होईल, ते स्पष्ट सांगतो, कारण इथे खूप गैरसमज आहेत आणि नंतर त्यातून भांडणं होतात.

प्रकल्प गावाच्या नावाचा असला तरी तारेला गाव कळत नाही. तयार झालेली वीज सबस्टेशनच्या बसबारवर, म्हणजे सगळे फीडर जिथून निघतात त्या पट्टीवर, येते आणि जिथे मागणी असेल तिथे जाते. ढग आले, पाऊस लागला, तर त्याच फीडरला नेहमीच्या जाळ्यातून वीज मिळते, पंप बंद पडत नाहीत. पावसाळ्यात पंप बंद असतात तेव्हा हीच वीज वर ३३ केव्हीकडे चढते. आणि मुख्य लाईन ट्रिप झाली की सौर प्रकल्पही त्याच क्षणी थांबतो. तसा तो थांबलाच पाहिजे, नाहीतर लाईनवर काम करणारा वायरमन बंद समजलेल्या तारेला हात लावून जीव गमावेल. ‘एवढं ऊन आहे, आपला प्रकल्प शेजारी आहे, तरी लाईट का नाही’ हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच उन्हाळ्यात विचारला जाईल. त्याचं उत्तर ग्रामसभेतच देऊन ठेवा.

सबस्टेशनपासून शेवटच्या डीपीपर्यंतची तार तीच राहणार. तिथे व्होल्टेज कमी मिळत असेल तर सौर प्रकल्पाने ते आपोआप सुधारत नाही. उलट आता सगळे पंप दिवसाच्या एकाच पाळीत चालणार, म्हणजे पूर्वी दोन गटांत वाटलेला भार एकदम येणार. कमजोर तार आणि भरलेल्या डीपी आधी उघड्या पडतात. म्हणून रोहित्रांची क्षमता, जीर्ण तारा आणि नवे खांब यांची मागणी प्रकल्पाच्या ठरावासोबतच लेखी नोंदवा. आपल्या हातातल्या दोन गोष्टी मात्र कोणाकडे न मागता करता येतात. ऑटोस्विच काढायचा आणि प्रत्येक मोटारीला कपॅसिटर (तारेतला वायफळ करंट कमी करणारा डबा) लावायचा. दिवसा लाईट येणार म्हटल्यावर ऑटोस्विच ठेवायचं कारणच उरत नाही. शंभर-सव्वाशे शेतकऱ्यांनी हे केलं तर त्या फीडरवरच्या जळणाऱ्या डीपींची संख्या त्याच हंगामात उतरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता जागेचा प्रश्न. माझ्या मते ग्रामसभेतला खरा विषय हाच आहे.

खासगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ, म्हणजे एकराला साधारण पन्नास हजार. सरकारी जमीन मात्र नाममात्र एक रुपया भाड्याने जाते. गायरान दिलं तर ते भाडं गावाच्या खात्यावर येत नाही. ग्रामपंचायतीला योजनेतून वर्षाला पाच लाख, तीन वर्षं, एवढं अनुदान आहे. पंचवीस वर्षांच्या हिशेबात हे पंधरा लाख ठेवून बघा. त्यामुळे माझा पहिला सल्ला असा की सबस्टेशनजवळ मुरमाड, पडीक खासगी जमीन आहे का आणि तिचे मालक तयार आहेत का, हे आधी विचारा. दोन-तीन कोरडवाहू कुटुंबांना पंचवीस वर्षं ठरलेलं उत्पन्न मिळालं तर ते गावातच खर्च होतं. कंपनीला गायरान सोपं जातं, कारण एकच सातबारा, वारसांची भानगड नाही. तिची सोय समजण्यासारखी आहे. पण आपण गावाच्या बाजूने बसलो आहोत.

गायरानच द्यायचं ठरलं, तर ते कोण वापरतं याची यादी करा. कागदावर ते पडीक असतं, पण त्यावर शेळ्या, मेंढ्या, भूमिहीन बाईची एक म्हैस, दिवाळीनंतर येणारे धनगरांचे वाडे जगत असतात. ही माणसं ग्रामसभेत मागे उभी राहतात आणि बोलत नाहीत. मराठवाड्यातल्या एका गावी मी मदतीला गेलो तेव्हा कुंपणाचे खांब रोवून झाले होते आणि मेंढरांची पाण्यावर जायची वाट बरोबर मधोमध अडली होती. नकाशावर ती वाट नव्हतीच. एका आजींनी काठीने जमिनीवर रेघ मारून दाखवली, इथून तिथवर, आमच्या सासऱ्यापासून. शेवटी कुंपण वीस फूट आत घेतलं, दोन रांगा दुसरीकडे गेल्या आणि कामाला सात आठवडे उशीर झाला. मोजणीच्या दिवशी त्या आजींना बोलावलं असतं तर एक तासाचं काम होतं.

पाण्याचंही असंच. चार मेगावॉटला आठ-नऊ हजार पॅनेल बसतात. एका पॅनेलला धुवायला दीड-दोन लिटर पाणी लागतं, म्हणजे एका धुण्याला पंधरा हजार लिटरच्या आसपास, आणि धुळीच्या दिवसांत ते महिन्यात दोनदा. हे पाणी कोणत्या विहिरीतून? एप्रिल-मेमध्ये जिथे टँकर लागतो तिथे हा प्रश्न करारात लिहूनच घ्यावा. ओढ्याचा आणि उताराचा प्रवाह बुजवायचा नाही, हेही. चर न काढता जमीन सपाट केली की पहिल्याच वळवाला माती खालच्या शेतात जाते. खांब कोणाच्या बांधावरून जाणार, कुंपणाबाहेर दोन्हीकडे किती वाट सोडणार, गवत कापण्याचं आणि धुण्याचं काम गावातल्या कोणाला मिळणार, हे सगळं ठरावात हवं. रोजगाराबद्दल जास्त आशा दाखवू नका. बांधकामाच्या चार-पाच महिन्यांत हातांना काम मिळतं, नंतर पाच-सहा माणसं पुरतात. आणि ठरलेल्या मुदतीत वीज सुरू झाली नाही तर जागा परत, ही अट विसरू नका.

वडिलांच्या पंपाचं उत्तर सोपं आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना मुख्यतः ज्यांच्याकडे वीजजोडणी नाही त्यांच्यासाठी आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, पुढे साडेसात. वडिलांच्या विहिरीवर जोडणी असेल आणि तुमचा फीडर सौर होणार असेल, तर त्यांना शेतात काहीही बसवायची गरज नाही. ज्यांच्या शेतापर्यंत खांबच गेलेले नाहीत, अशा मळ्यांना आणि डोंगरउताराच्या वाड्यांना तो पंप खरा आधार आहे. तिथे फक्त पाण्याची खोली मोजून घ्या. दीडशे फुटांवरून जोरात पाणी काढणारा तीन अश्वशक्तीचा पंप चारशे फुटांच्या बोअरवर करंगळीएवढी धार देतो आणि मग दोष पॅनेलला जातो. माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत असंच घडलं. पुरवठादाराने बोअरची खोली न विचारता सामान उतरवलं आणि बदलून घ्यायला दीड वर्ष गेलं.

घराच्या स्लॅबवर जरूर बसवा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान आहे. त्यासाठी देशी सेलचेच पॅनेल लागतात. तीन किलोवॉट आपल्याकडे दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास देतं. पण किती बसवायचं ते अनुदानावरून ठरवू नका, घरातल्या दुपारच्या वापरावरून ठरवा. आज दुपारी जादा दिलेलं युनिट रात्री वापरलेल्या युनिटमधून वजा होतं. ही सोय कायम अशीच राहील असं धरून चालू नये. जून २०२३ च्या केंद्राच्या नियमांनी सूर्याच्या आठ तासांत वीज १० ते २० टक्के स्वस्त आणि गर्दीच्या वेळी महाग, अशी रचना घालून दिली. १० किलोवॉट आणि त्याहून जास्त मागणीच्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना ती १ एप्रिल २०२४ पासून आणि शेती सोडून बाकीच्यांना १ एप्रिल २०२५ पासून लागू करायची होती. महाराष्ट्रात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ही ती वेळ आहे. दुपारच्या युनिटाची किंमत कमी धरली जाण्याकडे सगळा कल आहे. म्हणून पाण्याची मोटार, मिक्सर, इस्त्री, दुधाचा फ्रीज, घरची चक्की असेल तर दळण, हे दुपारीच उरकायची सवय लावली की पैसे लवकर सुटतात. आणि ग्रीडची लाईट गेली की हे पॅनेलही बंद, जे प्रकल्पाचं तेच घराचं.

राहिली संध्याकाळ. तिचं उत्तर सूर्याकडे नाही, साठवणीकडे आहे. २०२४ मध्ये महावितरणने ५,००० मेगावॉट सौर आणि १,६०० मेगावॉट कोळसा अशी एकत्र निविदा काढली आणि ती ४ रुपये ८ पैशांना गेली, ती याच अडचणीमुळे. पुढे चित्र बदलेल असं मी मानतो, कारण बॅटरी पॅनेलच्याच वाटेने निघालीय. २०२२ मध्ये देशातल्या पहिल्या मोठ्या निविदेत बॅटरीचं भाडं मेगावॉटला महिन्याला १० लाख ८४ हजार रुपये निघालं होतं. २०२५ च्या सुरुवातीच्या निविदांमध्ये ते सव्वादोन लाखांच्या आसपास आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने नव्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान १० टक्के आणि दोन तास पुरेल एवढी साठवण जोडायचा सल्ला दिला. सह्याद्रीत पाणी वर चढवून ठेवण्याचे उदंचन प्रकल्पही आखले जातायत. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून तेच काम करतोय. तुमच्या प्रकल्पाच्या आवारात किंवा सबस्टेशनला लागून पुढेमागे बॅटरीचे कंटेनर येऊ शकतात. त्यासाठी आणखी जागा लागली तर पुन्हा ग्रामसभेत यायचं, एवढं वाक्य ठरावात आत्ताच घाला.

एक गोष्ट मात्र मला आतून टोचते, ती लिहितो. दिवसा आठ तास, पूर्ण दाबाने, फुकट वीज आली की पाणी उपसायला काही अडवणारं उरत नाही. रात्रीची पाळी माणसाला छळत होती, पण तिने उपसाही थोडा रोखला होता. ज्या शिवारात बोअर दरवर्षी पन्नास फूट खाली चाललेत, तिथे ही वीज दोन-चार हंगामांत भूजल संपवू शकते. ठिबक, पिकाचं नियोजन, नव्या बोअरांवर गावाचं बंधन, हे विषय वीजवाल्यांचे नाहीत म्हणून या योजनेच्या कागदात नाहीत. गावाच्या कागदात ते असू शकतात. निरीक्षण विहिरीची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची, एवढं जरी सुरू केलंत तरी पाच वर्षांनी गावाच्या हातात आकडे असतील.

ग्रामसभेच्या आधी एका सकाळी साडेदहाच्या सुमारास तुम्ही, सरपंच आणि दोन्ही तटांतला एकेक जण सबस्टेशनवर जा. ऑपरेटरकडे लॉगशीट मागा आणि गेल्या जानेवारीतले शेतीच्या फीडरांचे तासातासाचे अँपिअर उतरवून घ्या. चार मेगावॉट म्हणजे ११ केव्हीवर साधारण २१० अँपिअर. तुमच्या फीडरांचा दिवसाचा मिळून भार त्याच्या आसपास असेल तर प्रकल्पाचं माप बरोबर आहे. फारच कमी असेल तर उरलेली वीज रोज वर चढणार. मग ट्रान्सफॉर्मरची क्षमता त्यासाठी तपासली आहे का, हे सहायक अभियंत्याला लेखी विचारा आणि मिळालेलं उत्तर ठरावाला जोडा.